वैमानिकाची शुद्ध हरपली तर

२७ ऑगस्ट २०२१ रोजी मस्कतहून ढाक्याला निघालेलं बिमान बांगलादेशचं बोइंग ७३७ विमान छत्तीसगडच्या आकाशात असताना त्याच्या कॅप्टनला हृदयविकाराचा झटका आला. विमानात सव्वाशेच्या आसपास प्रवासी होते. सहवैमानिकाने कोलकात्याच्या नियंत्रण कक्षाला कळवलं, सर्वांत जवळचा मोठा विमानतळ म्हणून नागपूर ठरलं आणि विमान तिथे सुखरूप उतरलं. कॅप्टनला लगेच रुग्णालयात नेलं, पण ३० ऑगस्टला त्यांचं निधन झालं. प्रवाशांपैकी एकालाही खरचटलं नाही. अशी बातमी आली की पाठोपाठ एक मागणी येतेच: वैमानिकांची डॉक्टरी तपासणी आणखी कडक करा. मागणी मनाला पटते, कारण तपासणीने माणूस निरोगी ठरतो अशी आपली समजूत आहे. पण या घटनेत तपासणीने कुणाला वाचवलं नाही. कॅप्टनचं मेडिकल झालेलंच होतं. प्रवासी वाचले ते उजव्या खुर्चीत विमान उतरवू शकणारा दुसरा माणूस होता म्हणून. हीच घटना एका इंजिनाच्या, चार आसनांच्या, एकट्या वैमानिकाच्या विमानात घडली असती तर काय, हा या प्रकरणाचा विषय आहे. माझं म्हणणं असं की अशा छोट्या विमानांचे अपघात टाळण्यासाठी डॉक्टरी दाखल्यावर आपण जेवढी भिस्त ठेवतो तेवढी ठेवण्यासारखा तो दाखला नाही, आणि दाखला जास्त कडक केला की काही बाबतींत धोका कमी होण्याऐवजी वाढतो.

आधी मोठ्या विमानांचा हिशोब बघू, कारण छोट्या विमानांना लावलेले नियम त्याच्याच सावलीत वाढले. विमान-वैद्यकात 'एक टक्का नियम' म्हणून ओळखला जाणारा एक दंडक आहे. येत्या वर्षभरात एखादा वैमानिक आजारपणाने अचानक निकामी होण्याची शक्यता शंभरात एक किंवा त्याहून कमी असेल, तर दोन वैमानिकांच्या विमानात तो चालतो. शंभरात एक हा आकडा ऐकून दचकायला होतं, पण पुढचा हिशोब पाहा. वर्षात ८,७६० तास असतात, म्हणजे दर तासाची शक्यता दहा लाखांत एकाच्या आसपास आली. उड्डाण आणि उतरणं हा नाजूक काळ प्रवासाचा साधारण दहावा हिस्सा. बाकीच्या वेळात दुसऱ्या वैमानिकाला सावरायला भरपूर सवड असते. नाजूक काळातही शंभरातल्या नव्याण्णव वेळा तो सावरून घेईल असं धरलं, की शेवटी हाती येतो अब्ज तासांत एक हा आकडा. या गणितात डॉक्टरचा वाटा आहेच, पण शक्यता हजारपटीने खाली आणली ती दुसऱ्या वैमानिकाने. तोही नुसता बसलेला असून भागत नाही. १८ जून १९७२ रोजी लंडनजवळ स्टेन्स इथे ट्रायडंट विमान कोसळून ११८ माणसं गेली. कॅप्टनच्या शवविच्छेदनात हृदयाच्या रोहिणीला इजा झालेली आढळली, आणि शेजारच्यांना वेळेवर काही उमगलं नाही. सहकारी बिनसला आहे हे ओळखणं हाही शिकवण्याचा विषय आहे, हे त्या अपघाताने पक्कं केलं. आज विमान कंपन्यांत शिकवतात की दोनदा विचारून धड उत्तर आलं नाही तर समोरचा निकामी झाला असं समजा आणि विमान हातात घ्या. तो वरिष्ठ आहे, त्याला राग येईल, असले विचार त्या वेळी करायचे नाहीत.

छोट्या विमानात ही दुसरी खुर्ची बहुधा रिकामी असते, किंवा तिच्यात बायको, मित्र, गिऱ्हाईक असं कुणीतरी बसलेलं असतं. आपल्याकडे हौसेने स्वतःचं विमान उडवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, त्यामुळे भारतीय आकडेवारीवरून फार काही सांगता येत नाही. पण छोटी विमानं आपल्याला अगदीच परकी आहेत असंही नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्गला मध्य मानून नकाशावर वर्तुळ काढलं तर सोलापूरचा विमानतळ पंचेचाळीसेक किलोमीटरवर येतो, वायव्येकडे धाराशिवची धावपट्टी, उत्तरेकडे लातूर, पूर्वेला बिदरचा हवाई दलाचा तळ आणि आग्नेयेला कलबुर्गी, जिथे वैमानिक घडवण्याच्या शाळा चालतात. बारामती, गोंदिया, धुळे इथेही शिकाऊ वैमानिक एकट्याने विमान उडवतात, तेव्हा ते एकाच माणसाच्या हातातलं विमान असतं. अशा विमानांबद्दलचा चांगला पुरावा ऑस्ट्रेलियातून मिळतो. तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने १९७५ ते २००६ या काळातल्या नोंदी चाळल्या. वैमानिक आजाराने किंवा अन्य शारीरिक कारणाने निकामी झाल्याच्या ९८ घटना सापडल्या. नोंदवलेल्या एकूण घटना-अपघातांच्या मानाने हे प्रमाण एक टक्काही भरत नव्हतं. सर्वांत जास्त वेळा दगा दिला तो पोटाने. शिळंपाकं खाऊन जुलाब-उलट्या झालेला वैमानिक हा या यादीतला सगळ्यांत नेहमीचा रुग्ण. आता यातलं महत्त्वाचं: दहा घटनांत माणसं दगावली आणि त्या दहाही विमानांत वैमानिक एकटाच होता. त्या दहांमध्ये हृदयविकाराचा वाटा मोठा होता. दोन वैमानिकांच्या विमानात आजारपण ही गैरसोय ठरली, एकट्याच्या विमानात तेच मृत्यूचं कारण ठरलं.

तरीही घाबरण्याआधी हा धोका बाकीच्या धोक्यांशेजारी ठेवून पाहायला हवा. वर्षाला शंभरात एक एवढी जोखीम असलेला, म्हणजे तसा बऱ्यापैकी आजारी वैमानिक घेतला आणि तो वर्षाला १०० तास उडत असला, तर हवेत असतानाच त्याला गाठलं जाण्याची शक्यता ८,७६० मध्ये एक. तासांच्या भाषेत सांगायचं तर पावणेनऊ लाख तासांत एकदा. अमेरिकेत खासगी आणि हौशी विमानांना प्राणघातक अपघात होतो साधारण एक लाख तासांत एकदा. म्हणजे वैमानिक धडधाकट असो वा नसो. खराब हवेत शिरणं, इंधन संपणं, वेग कमी होऊन विमान घसरणं, रात्री दिशा चुकणं या गोष्टी हृदयापेक्षा आठ-नऊ पटीने जास्त माणसं मारतात. तेच गणित नळदुर्गवरून जाणाऱ्या सोलापूर-हैदराबाद महामार्गाला लावून बघावं. तेवढीच जोखीम अंगात बाळगणारा ट्रकचालक वर्षाला ३,००० तास स्टिअरिंगवर असतो असं धरलं, तर गाडी चालवताना त्याला गाठलं जाण्याची शक्यता २९२ मध्ये एक होते. तो वैमानिकाच्या तीसपट उघडा आहे. वैमानिकाच्या हृदयाची काळजी करणाऱ्या आपल्याला शेजारून जाणाऱ्या कंटेनरच्या चालकाची काळजी वाटत नाही, याचं कारण गणितात नाही. विमान पडलं की बातमी होते. कंटेनर दुभाजकावर चढला की 'चालकाचा ताबा सुटला' एवढ्या तीन शब्दांवर काम भागतं.

यावर लगेच एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. आकडे कमी दिसतात कारण आजारपण सापडतच नाही, मग त्यावर विश्वास कसा ठेवायचा? हे खरं आहे. विमान शेतात आदळून जळालं तर वैमानिकाच्या देहातून फार काही हाती लागत नाही. लागलं तरी हृदयविकाराच्या झटक्याच्या खुणा हृदयाच्या स्नायूत उमटायला काही तास जावे लागतात, आणि झटका येऊन दोन मिनिटांत जमिनीवर आदळलेल्या माणसाला तेवढे तास मिळालेले नसतात. उलट पन्नाशीपुढच्या कितीतरी माणसांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात; त्या सापडल्या म्हणून अपघात त्यांच्यामुळेच झाला असं म्हणता येत नाही. म्हणून तपास अहवालांत 'कारण निश्चित करता आलं नाही' किंवा नुसतं 'नियंत्रण सुटलं' अशी नोंद राहते, आणि त्यांतल्या काहींच्या मागे आजारपण असणारच. पण हा आक्षेप आपल्याला कुठवर नेतो? समजा खरा आकडा नोंदीच्या दुप्पट, अगदी तिप्पट आहे. तरीही तो हवामान आणि हाताळणीच्या चुकांच्या बराच खाली राहतो. शिवाय न सापडलेलं आजारपण तपासणीत सापडलं असतं, हे त्याने कुठे सिद्ध होतं? अपघातानंतर विच्छेदनाच्या टेबलावरसुद्धा जे दिसत नाही, ते वर्षापूर्वी दवाखान्यात दिसलं असतं असं मानायला फारसा आधार नाही.

शिवाय 'वैमानिक निकामी झाला' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे छातीवर हात धरून कोसळणारा माणूस येतो. प्रत्यक्षात अनेकदा माणूस खुर्चीत ताठ बसलेला असतो, हात चालू असतात, फक्त डोकं मंदावलेलं असतं. ३१ डिसेंबर २०१७ रोजी सिडनीच्या उत्तरेला हॉक्सबरी नदीच्या खोऱ्यात पाण्यावरून उडणारं बीव्हर विमान कोसळलं. वैमानिकासह सहाजण गेले. वैमानिक कसलेला, तब्येत ठणठणीत. विमानही उडण्याच्या अवस्थेत होतं. मग परतीच्या उड्डाणात डोंगरांनी वेढलेल्या निमुळत्या खाडीत ते वळलं कसं, याचा उलगडा होईना. पुढे रक्ताच्या चाचणीत कार्बन मोनॉक्साइड सापडला. वैमानिकाच्या रक्तात त्याचं प्रमाण ११ टक्के होतं, प्रवाशांच्या रक्तातही तो होता. इंजिनाच्या एग्झॉस्टला तडे गेले होते; आणि इंजिन व केबिन यांच्यामधल्या पोलादी पडद्यावरच्या झाकणांचे काही बोल्ट जागेवर नव्हतेच. त्या भोकांतून धूर आत येत राहिला. या वायूला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मग विचार सुचेनासे होतात, आणि आपल्याला काही सुचत नाही हेही सुचत नाही. फुटबॉलपटू एमिलियानो साला ज्या पायपर मालिबू विमानातून २१ जानेवारी २०१९ च्या रात्री इंग्लिश खाडीत बुडाला, त्याच्याही रक्तात हा वायू ५८ टक्के होता. वैमानिकाचा देह मिळालाच नाही, पण एकाच केबिनची हवा दोघे घेत होते. छोट्या विमानांत केबिन उबदार ठेवण्यासाठी गरम एग्झॉस्टभोवतीच्या कवचातून हवा फिरवून आत सोडतात. नळी फुटली की ऊब आणि विष एकाच झरोक्यातून येतात. अशा अपघाताची नोंद वैमानिकाच्या शारीरिक असमर्थतेत होते, पण त्यावरचा उपाय डॉक्टरकडे नाही. तो मेकॅनिकच्या पान्यात आणि काही हजार रुपयांच्या धोक्याची घंटी देणाऱ्या यंत्रात आहे.

दुसरा असाच मुका गुन्हेगार म्हणजे सर्दीची गोळी. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९० ते २०१२ या काळात अपघातांत मृत्यू पावलेल्या ६,६७७ वैमानिकांच्या चाचण्या एकत्र करून २०१४ मध्ये अभ्यास मांडला. कोणतं ना कोणतं औषध अंगात असलेल्यांचं प्रमाण १९९० मध्ये दहा टक्क्यांच्या आसपास होतं, ते २०१२ पर्यंत चाळीसवर पोचलं. गुंगी आणणाऱ्यांत सर्वांत जास्त वेळा सापडलेलं औषध होतं डायफेनहायड्रामीन, म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळणारं सर्दी-ॲलर्जीचं औषध. आपल्याकडच्या खोकल्याच्या काही पातळ औषधांतही ते असतं. औषध सापडलं म्हणजे त्याच्यामुळेच अपघात झाला असं नाही, हे त्याच अभ्यासाने बजावलं आहे. पण वर्षातून एकदा होणारी मेडिकल तपासणी काल रात्री मेडिकलवाल्याकडून घेतलेली गोळी पकडू शकत नाही, एवढं नक्की.

बरं, हृदयाचं तरी तपासणीत नेमकं पकडलं जातं का? जून २०२२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्लॅकपूल विमानतळावर घडलेली गोष्ट विलक्षण आहे. वारा जोराचा होता म्हणून एका वैमानिकाने ५७ वर्षांच्या प्रशिक्षकाला सोबत यायला सांगितलं. धावपट्टीकडे जाताना दोघांच्या गप्पा चालल्या होत्या. विमान उडालं आणि प्रशिक्षकाची मान खाली गेली. शेजाऱ्याला वाटलं, बाबा झोपेचं सोंग घेऊन थट्टा करतोय. वळण घेताना प्रशिक्षकाचं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं, तरी त्याला थट्टाच वाटली. विमान उतरलं, धावपट्टीवरून परतू लागलं आणि तरीही मान उचलेना, तेव्हा कुठे काळजात धस्स झालं. प्रशिक्षक वारले होते. त्यांना रक्तदाब होता, त्यावर औषध चालू होतं, आणि चारच महिन्यांपूर्वी, फेब्रुवारीत, त्यांची वैमानिकी तपासणी झाली होती. त्यात ते पास होते. दिवंगत माणसाच्या किंवा त्यांच्या डॉक्टरच्या हातून काही चुकलं असं यातून काढू नये. विश्रांतीच्या अवस्थेत काढलेला ईसीजी आज हृदयात काय चाललं आहे ते सांगतो. वाहिनीतला मऊ थर चार महिन्यांनी फुटेल की चाळीस वर्षांनी, ते त्याला कळत नाही. तपासणी ही जाड भोकांची चाळणी आहे: मोतीबिंदू, फेफरं, फार वाढलेली साखर, जुना झटका हे तिच्यावर अडकतं, अचानक येणारं खालून निसटतं. आणि घटना घडूनही विमान सुखरूप उतरलं ते शेजारी विमान जाणणारा माणूस होता म्हणून, हा मुद्दा इथेही उरतोच.

आता चाळणीची भोकं बारीक केली तर? इथे गोष्ट उलटते, कारण चाळणीत आपलं सगळं दुखणं टाकायचं काम वैमानिकाच्याच हाती आहे. मेडिकल फॉर्मवर झोप लागत नाही, छातीत कधीमधी धडधडतं, मन उदास असतं, असं लिहिलं की 'टेम्पररी अनफिट' शिक्का बसतो. त्या तात्पुरत्या शिक्क्याचे सहा महिने कधी दीड वर्ष होतात, आणि पोटावर पाय येतो. मग माणूस काय करील? विल्यम हॉफमन आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ३,७६५ अमेरिकी वैमानिकांना विचारलं, तेव्हा ५६.१ टक्क्यांनी कबूल केलं की दाखला जाईल या भीतीने आपण कधी ना कधी उपचार टाळले किंवा गोष्टी लपवल्या. त्याआधी, २००० नंतरच्या दशकात, उत्तर कॅलिफोर्नियातल्या ४०,००० वैमानिकांच्या नोंदी सरकारी अपंगत्व भत्त्याच्या यादीशी ताडून पाहिल्या गेल्या. तीन हजारांहून जास्त नावं दोन्हीकडे निघाली: एका खिडकीवर काम करण्यास असमर्थ आणि दुसऱ्या खिडकीवर उडण्यास समर्थ. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने विमान आल्प्सच्या डोंगरावर आदळवून १५० जीव घेतले. डॉक्टरने त्याला कामावर जाण्यास अयोग्य ठरवलं होतं. चिठ्ठी त्याने कंपनीपासून दडवली. यावर कुणी म्हणेल की लपवाछपवी करणाऱ्यांना जबर शिक्षा करावी. करावी. पण शिक्षेच्या धाकाने खरं बोलणारा वैमानिक आणि उपचाराच्या भरवशावर खरं बोलणारा वैमानिक, यांत दुसराच लवकर बोलतो. डॉक्टरकडे न जाणारा रक्तदाबाचा रुग्ण हा गोळी घेऊन उडणाऱ्यापेक्षा कितीतरी धोक्याचा.

हे नुसतं तर्काने पटवण्याची गरज आता उरलेली नाही, कारण प्रयोग झालेला आहे. १ मे २०१७ पासून अमेरिकेत 'बेसिकमेड' पद्धत सुरू झाली. पूर्वी एकदा तरी पूर्ण वैमानिकी मेडिकल झालेल्या खासगी वैमानिकाने चार वर्षांतून एकदा आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडून तपासून घ्यायचं, दर दोन वर्षांनी आरोग्यावरचा एक अभ्यासक्रम ऑनलाइन पुरा करायचा, वाहनचालकाचा परवाना जवळ ठेवायचा, बस. हृदयविकार, मनोविकार, मेंदूचे विकार अशा ठरावीक आजारांना एकदा विशेष मंजुरी लागते. पैसे घेऊन माणसं नेता येत नाहीत आणि विमानाच्या आकारावर मर्यादा आहे. ब्रिटनने २०१६ मध्येच बऱ्याच खासगी वैमानिकांना स्वतःच्या सहीच्या घोषणापत्रावर उडायची मुभा दिली होती. अनर्थ होईल असं भाकीत करणारे तेव्हा पुष्कळ होते. २०२१ मध्ये अमेरिकेच्या विमान प्रशासनाने संसदेला अहवाल दिला, त्यात बेसिकमेडवाले आणि जुन्या मेडिकलवाले यांच्या सुरक्षिततेत फरक आढळला नाही. आपल्याला हे फार परकं वाटायचं कारण नाही. मोटारीचा साधा परवाना काढताना चाळिशीच्या आतला माणूस 'फॉर्म १' वर स्वतःच लिहून देतो की मला फेफरं येत नाही, दिसतं, रंग ओळखता येतात. त्याच्यावर आपण कायद्याने विश्वास टाकतो आणि भरचौकात गाडी चालवू देतो.

दोन आक्षेप अजून उरतात. पहिला असा की गोऱ्यांचे आकडे भारतीय हृदयांना लावू नयेत. यात तथ्य आहे. 'इंटरहार्ट' या बावन्न देशांतल्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका येण्याचं मध्यम वय ५३ निघालं, इतरत्र ते ५९ च्या जवळ होतं. सहा वर्षांचं हे अंतर थोडं नव्हे, आणि आपली तपासणी चाळिशीच्या आधीपासूनच साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू यांकडे डोळे उघडे ठेवून बघणारी हवी, हे मला मान्य आहे. पण त्याच अभ्यासाचा निष्कर्ष असाही होता की हा फरक मुख्यतः धूम्रपान, मधुमेह, रक्तातली चरबी अशा लवकर सुरू होणाऱ्या आणि आवरता येणाऱ्या कारणांमुळे पडतो. म्हणजे तिथे हवा आहे तो उपचार, आणि उपचारासाठी वैमानिकाने तोंड उघडायला हवं. आपण पुन्हा त्याच मुद्द्यावर येतो. दुसरा आक्षेप: हौशी वैमानिकाने स्वतःचा जीव धोक्यात घालावा, पण खालच्या वस्तीने आणि मागच्या प्रवाशाने त्याला संमती कधी दिली? हा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. म्हणूनच भाडं घेणारा वैमानिक आणि स्वतःसाठी उडणारा वैमानिक यांना एका मापाने मोजू नये. तिकीट काढणाऱ्याला वैमानिकाची पारख करता येत नाही, त्याच्या वतीने ती सरकारने करायची, आणि तिथे कडक तपासणी हवीच. मात्र तिथेही तपासणीच्या जोडीला दुसरा वैमानिक हवा. १७ ऑगस्ट २०२३ रोजी नागपूर विमानतळावर पुण्याला निघण्याच्या बेतात असलेला इंडिगोचा कॅप्टन बोर्डिंग गेटपाशी कोसळला आणि वाचू शकला नाही. त्या आधी त्याला २७ तासांची विश्रांती मिळाली होती, आदल्या दिवशी पहाटे त्याने विमानं उडवली होती. तपासणी, विश्रांती, सगळं नियमात होतं.

छोट्या विमानात दुसरा वैमानिक परवडत नाही, हे कबूल. पण दुसरे हात परवडतात. १० मे २०२२ रोजी बहामाहून फ्लोरिडाला येणाऱ्या सेसना कॅरॅव्हॅनच्या वैमानिकाची महारोहिणी फाटली आणि त्याची शुद्ध हरपली. डॅरन हॅरिसन हा प्रवासी मागून पुढे आला, खाली झुकलेलं विमान त्याने अलगद वर उचललं आणि रेडिओवर सांगितलं की मला विमान उडवता येत नाही. पाम बीचचे नियंत्रक रॉबर्ट मॉर्गन स्वतः प्रशिक्षक होते. त्यांनी कॅरॅव्हॅनच्या कॉकपिटचं चित्र छापून समोर ठेवलं आणि एकेक कळ सांगत विमान उतरवून घेतलं. वैमानिकही वाचला. २०१२ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये ८० वर्षांच्या हेलन कॉलिन्स यांनी नवरा शेजारी मृतावस्थेत असताना दोन इंजिनांचं सेसना ४१४ जमिनीवर टेकवलं. त्यांनी तीसेक वर्षांपूर्वी थोडं शिकून ठेवलं होतं. अशा गोष्टी ऐकून हुरळूनही जाऊ नये, कारण जिथे शेजारच्याला रेडिओचं बटणच सापडलं नाही ते सांगायला मागे उरलेले नाहीत. पण अशा प्रसंगांसाठीच अमेरिकी विमानमालकांच्या संघटनेने वैमानिकांच्या सोबत्यांसाठी 'पिंच हिटर' नावाचा छोटा अभ्यासक्रम काढलेला आहे: विमान सरळ कसं ठेवायचं, रेडिओवर काय बोलायचं, स्वयंचलित यंत्रणा कशी लावायची. यंत्रानेही पुढची मजल मारली आहे. गार्मिन कंपनीच्या 'ऑटोलँड'ला मे २०२० मध्ये पायपर एम-६०० विमानावर मान्यता मिळाली. प्रवाशाने एक कळ दाबायची. विमान स्वतः जवळची योग्य धावपट्टी निवडतं, रेडिओवर आपली अडचण सांगतं, उतरतं आणि इंजिन बंद करतं. आज ते काही कोटींच्या विमानांतच आहे, कलबुर्गी-बारामतीच्या शिकाऊ विमानांत नाही, आणि तिथे अजून बराच काळ प्रशिक्षकाच्या झुकलेल्या मानेकडे वेळेवर लक्ष जाणं हेच ऑटोलँड असणार आहे. हे शिकवायला खर्च नाही. पहिल्या आठवड्याच्या धड्यांत ते असायला हवं.

हवेतल्या या अनुभवाचा रस्त्याला उपयोग व्हायला हरकत नाही, किंबहुना आपल्याकडे तो तिथेच जास्त होईल. ७ जानेवारी २०२२ रोजी पुणे जिल्ह्यात मोराची चिंचोलीहून परतणाऱ्या महिलांच्या मिनीबसच्या चालकाला फिट आली. योगिता सातव यांनी स्टिअरिंग हाती घेतलं आणि गाडी दवाखान्यापर्यंत नेली. त्यांना मोटार चालवता येत होती, मिनीबस कधी चालवली नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुणे-सातारा महामार्गावर झटका आलेल्या एसटीच्या चालकाने शेवटच्या ताकदीनिशी गाडी कडेला घेतली, प्रवासी वाचले, तो गेला. रस्त्यावर निदान कडा असते आणि ब्रेक असतो. चालक बोलेनासा झाला तर गाडी कशी थांबवायची, हे एसटीच्या वाहकाला शिकवता येतं, खासगी ट्रॅव्हल्सच्या क्लीनरला शिकवता येतं. उलट कायदा दुसऱ्या दिशेने सरकला आहे. नॅशनल परमिटच्या मालट्रकवर दोन चालक ठेवण्याची अट मोटार वाहन नियमांत होती. ती फारशी पाळली जात नव्हती हे खरं, पण २०१८ मध्ये ती काढूनच टाकली गेली. त्यानंतरच्या वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन वाहतूक परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली. आता रात्री नळदुर्गवरून हैदराबादकडे माल नेणाऱ्या ट्रकमध्ये एकच चालक नियमाने पुरतो, आणि डॉक्टरच्या सहीचा 'फॉर्म १-अ' त्याला पाच वर्षांतून एकदा लागतो.